अंजनाचं झाड, मुशी मासा अन् वाव्हळे सर

वाव्हळे सरांनी चौदा वर्षं माझं डोस्कं खाल्लं. हे कुणाला सांगितलं की समोरचा इचारतो, "किसन, तुला डोस्कं व्हतं का?" त्याचं बी बरोबर हाय. मी दुसरीत दोन साल बसलो. तिसऱ्या साली मास्तरनं बापाला बोलावून सांगितलं, "ह्याला ढोरामागं धाडा. ढोरं सांभाळतील ह्याला." ढोरांनी बी सांभाळलं न्हाई. मंग एका पावण्याच्या शब्दावर परभणीच्या एका कॉलेजात शिपाई म्हणून चिकटलो. मला जीवशास्त्राच्या लॅबला टाकलं, कारण तिथल्या वासापायी दुसरा कुणी टिकत नव्हता. मला सर्दी कायमची, म्हणून माझी निवड झाली. नोकरीत मला मिळालेला हा एकच मान.

वाव्हळे सर तिथं अकरावी-बारावीला शिकवायचे. उंच, वाळलेले, शर्टाची वरली गुंडी उन्हाळ्यात बी लावलेली, खिशात पेनाच्या जागी खडू. लग्न केलं न्हाई. गावात एक खोली अन् पालमला एक बहीण, एवढाच त्यांचा संसार. लॅबच्या दारात चपला काढायच्या, हा नियम. खुशीत असले की मला 'किसन' म्हणायचे, अन् 'किसनराव, तुमी' म्हणले की समजायचं, आज आपली काही खैर न्हाई. महिन्यातले वीस दिवस मी किसनरावच व्हतो.

पयल्याच दिवशीची गोष्ट. मी जाऊन म्हणलं, "सर, भाईर कुणीतरी आलंय."

"कुणीतरी म्हणजे?"

"माणूस."

"माणूस हा शेवटचा शब्द झाला. वरपासून सांग."

मला काय कळंना. सरांनी मला स्टुलावर बसवलं अन् सांगायला लागले, "कागदावर नुसतं 'गणपत' लिहून पोस्टात टाकलं तर पत्र पोचंल का? राज्य लागतंय, जिल्हा लागतोय, तालुका, गाव, भावकी, घर, अन् मंग नाव. सात पायऱ्या. जगातल्या कोणत्या बी जिवाला असाच पत्ता असतो. झाडाला हाय, माशीला हाय, तुला हाय." अर्धा घंटा सांगितलं. भाईर जो माणूस उभा व्हता तो बरण्या-औषधं पुरवणारा व्हता. तो वैतागून गेला, अन् सहा महिने आला न्हाई. लॅबला फॉर्मालिनचा तुटवडा पडला तो माझ्या पयल्याच दिवसापासून.

चहाची बी तीच तऱ्हा. "सर, चहात माशी पडली."

"कोणती?"

"मेलेली."

सरांनी ती चिमट्यानं उचलली, दुर्बिणीखाली धरली अन् तिच्या पत्त्याची सातवी पायरी मिळूस्तोवर चहा थंड केला. मंग मला म्हणले, "दुसरा आण." कँटीनवाला मला रोज इचारायचा, "तुझे सर चहा पितेत का चहा तपासतेत?"

लॅबमधी एक लांबट काचेची बरणी व्हती. तिच्यात एक मासा, कोपरापासून बोटापर्यंत व्हईल एवढा, राखाडी, तोंड खाली, नाक टोकदार. शार्कच्या जातीतला. कोकणात त्याला मुशी म्हणतेत, हे सरांनी सांगितलं. आख्ख्या परभणी जिल्ह्यात समुद्राचा तेवढाच एक जीव व्हता, तो बी मेलेला. अन् लॅबच्या मागच्या खिडकीतून एक अंजनाचं झाड दिसायचं, निजामाच्या वखताचं. कॉलेज नव्हतं, तिथं माळ व्हता, तवापासूनचं. त्याचं पान दोन फाकांचं, बैलाच्या खुरावानी. पयले माळावर लय अंजनं व्हती म्हणत्यात. सर सांगायचे की आता दूर डोंगराकडं गेल्याबिगर दुसरं दिसत न्हाई.

दर साली पयला तास ह्या दोघांचा. सरांच्या हातात अंजनाची डहाळी अन् माझ्या हातात मुशीची बरणी. टेबल असून बी बरणी माझ्या हातात, कारण मागच्या बाकावरल्या पोरांना दिसली पाहिजे. पाऊण घंटा मी खांबावानी उभा. एका साली मला शिंक आली. बरणी वाचली, मुशी वाचली, पण पुढच्या बाकावरल्या पोरींनी माझ्याकडं दोन साल बघितलं न्हाई.

"समुद्र कुणी बघितलाय?" सर इचारायचे. कुणीच हात वर करायचं न्हाई. "मी बी न्हाई बघितला," सर म्हणायचे. "आता सांगा, हा मासा अन् हे झाड, ह्यांचं काय जमतंय?"

पिंगळीकडलं एक पोरगं एकदा म्हणलं, "सर, दोघं बी किसनमामालाच सांभाळावं लागतेत."

सगळी हसली. सर न्हाई हसले. फळ्यावर दोन खांब काढले अन् वरपासून खाली उतरायला लागले. पयल्या पायरीलाच फाटा, एकाचं राज्य प्राण्यांचं, एकाचं वनस्पतींचं. मुशीला पाठीचा कणा हाय पण हाड एक न्हाई, सगळी कूर्चा, आपल्या कानात मऊ हाड असतंय तशी. अंजनाला कणा न्हाई, पण आतलं लाकूड असं की कुऱ्हाडीची धार मोडती. रोहू अंडी घालतो लाखानं. मुशी पिल्लं देती, नाळेसकट, पाच-दहा-पंधरा. अंजन बी मनात आलं त्या सालीच नीट बिया धरतं. भावकी दोघांची बी मोठी. मुशीच्या भावकीत माणूस फाडणारे शार्क, अंजनाच्या भावकीत चिंच, आपटा, गुलमोहर.

"आता घराच्या दारात या," सरांचा आवाज इथं हमखास बारीक व्हायचा. "मुशीचं घर स्कोलिओडॉन. पुस्तक काय म्हणतंय, ह्या घरात किती जण? एक. अंजनाचं घर हार्डविकिया. घरात किती? एक. चुलते-पुतणे गावभर, पण घरात एकटाच. हा गेला की घराला कुलूप."

मंग एखादं पोरगं म्हणायचंच, "मंग बरणीत घालून ठेवायचं, सर."

"ही मुशी किती साल झालं बरणीत हाय. एक तरी पिल्लू दिलं का?" सर म्हणायचे. "झाड तोडलं तर ऊन पडतंय, माणूस वर बघतो. मुशी संपली तर समुद्राला खड्डा पडत न्हाई. कुणाला कळत बी न्हाई."

चौदा वर्षं हेच. माझे दंड भरून यायचे. मी मनात म्हणायचो, कुणाला कळंल न कळंल, मला कळतंय, वजन किती हाय ते.

आता माझा पराक्रम सांगतो. फॉर्मालिनचा तुटवडा मी म्हणलंच. बरणीतलं औषध हळूहळू उडून खाली जायलं. मुशीचं नाक उघडं पडलं. मला तिची दया आली. मी इचार केला, पाण्यातला जीव हाय, पाणी घातलं तर खुशच व्हईल. रोज तांब्याभर हिरीचं पाणी घालत गेलो. सरांना वाटलं बरणी भरलेली हाय. उन्हाळा आला तवा बरणीचं पाणी गढूळ झालं अन् असा वास सुटला की प्रिन्सिपलसाहेबांच्या ऑफिसातून माणूस आला, "तुमच्याकडं काही मेलंय का?" मी म्हणलं, "हाय, पण लय जुनं हाय." मला सर्दी, मला कुठं वास.

सरांनी कुठून तरी फॉर्मालिन आणलं, मुशी धुतली, तिची शेपूट थोडी गेली व्हती ती तशीच ठेवली. लाल रंगाची डबी आणली अन् बरणीच्या झाकणावर हातभर रंग फासला.

"किसनराव, हा लाल रंग. लाल म्हणजे हात लावायचा न्हाई. हात, पाणी, दया, काहीच न्हाई. कळलं?"

"कळलं."

हळूहळू लॅबमधी जे जे जपायचं त्याला लाल रंग लागत गेला. दुर्बीण लाल, तराजू लाल, फुलपाखरांची पेटी लाल. तो कायदा सगळ्या जगात फक्त माझ्या एकट्यासाठी केला व्हता, अन् मी तो पुढं कायम पाळला. त्याचीच फळं पुढं आली.

मधी एकदा मुशीचं नाव बदललं. नव्या पुस्तकात निघालं की तिला 'सोराकोवा' म्हणायचं न्हाई, 'लॅटिकॉडस' म्हणायचं. सरांनी नवं लेबल लिहायला मला बसवलं. मला इंग्रजी येत न्हाई, पण चित्रावानी बघून काढतो, सर म्हणायचे माझं अक्षर छापल्यागत हाय. ते नामांतराचे दिवस. विद्यापीठाच्या नावावरून गावात रोज मोर्चा, रोज भांडण. पानटपरीवर लोक बोलायचे ते मी ऐकून यायचो. माझं तोंड सुटलं, "सर, इतके दिवस चाललं की ते नाव. नाव बदलून ती काय जिवंत व्हणार हाय?"

सर बरणी पुसायलते. त्यांचा हात थांबला. तवा माझ्या ध्यानात आलं की हे माझं बोलणं न्हाई, टपरीवरलं हाय, अन् मी ते कुणापुढं बोललो. अठ्ठ्याहत्तरला पालमकडल्या खेड्यांत त्यांच्या लोकांची घरं जळाली तवापासून बंद म्हणलं की हा माणूस पयली एसटी धरून बहिणीकडं जायचा. मला ते मालूम व्हतं. मालूम असून बी बोललो.

"काच कोरडी करा," सर म्हणले. "वल्ल्यावर चिकटत न्हाई."

मी जुनं लेबल खरडायला गेलो तर म्हणले, "ते काढू नका. त्याच्याखालीच नवं लावा. आधी काय म्हणायचे हे बी कळलं पाहिजे." बस, एवढंच. मी आठ दिवस टपरीवर गेलो न्हाई. मंग गेलो, पण पान घेऊन लगेच निघायचो.

आता झाडाचं. संस्थेनं लॅबमागं नवी इमारत काढली. नक्शात बाभळी येत व्हत्या अन् त्यांच्या मधोमध अंजन. सर अर्ज घेऊन प्रिन्सिपलसाहेबांकडं गेले. अर्ज म्हणजे नऊ पानं. मी पाणी घेऊन आत गेलो अन् पेला हातात धरून तिथंच उभा ऱ्हायलो.

साहेब चष्मा काढून डोळे चोळायलते. "वाव्हळे सर, मी झाडाबद्दल इचारलं. दुसऱ्या पानापासून मासा का आलाय?"

"तुलना केल्याबिगर कळत न्हाई, साहेब. वर्गीकरण बघा. राज्य येगळं, पण घरात दोघं बी एकेकटे."

"पोरांना बसायला खोल्या न्हाईत, अन् तुमी मला माशाची भावकी सांगायलाय."

"मासा कुणी बघत न्हाई म्हणून बरणीत ठेवलाय. झाड रोज दिसतंय म्हणून तोडायलोय आपण."

साहेब माझ्याकडं वळले. "किसन, तू सांग. ह्या माणसापुढं काय करावं?"

"साहेब, मी चौदा वर्षं बरणी धरून उभा हाय," मी म्हणलं. "मला तर कव्हाच सुटका मिळाली न्हाई."

सर दोन महिने रोज जायचे. नक्शा घेऊन बसायचे, दोरी लावून जागा मोजायचे, दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात. शेवटी साहेबांनी कंटाळून भिंत सहा हात सरकवली अन् म्हणले, "घ्या तुमचं झाड. बाकीची जातील." सर ऑफिसातून भाईर आले तवा त्यांच्या शर्टाची वरली गुंडी उघडी व्हती. मी ती तशी पयल्यांदा बघितली.

त्याच हप्त्यात पुन्हा बंदची हाक आली. सर पालमला निघाले. एसटीला जाता जाता म्हणले, "किसन, लाकूडतोडे कव्हा बी येतील. अंजनाला खूण कर. ठेवायचं हाय हे लांबून दिसलं पाहिजे."

किसन म्हणले, किसनराव न्हाई. मला उभारी आली. ठेवायचं म्हणजे लाल, ह्याच्यात इचार कसला करायचा. गेरू कालवला अन् छातीएवढ्या उंचीवर, चार बोटं रुंद, दोरी लावून पट्टा वढला. असा सरळ पट्टा की मी चार पावलं मागं सरून दोनदा बघितला. बाजूच्या बाभळींना बी कुणीतरी गेरूचे पट्टे मारले व्हते, वाकडेतिकडे. मला वाटलं, ह्यांना बी कुणीतरी वाचवायलंय. त्यांच्या पट्ट्याला मी नावं बी ठेवली.

आता हसू नका. गावाकडं गेरूचा पट्टा म्हणजे तोडायचं झाड, हे मला मालूम नव्हतं का? माझ्या बापाच्या बांधावरली बाभूळ ह्याच पट्ट्यानं गेली, पट्टा मारताना डबा मी धरला व्हता. पण चौदा वर्षांत असं झालं की लॅबचं काम निघालं की माझं गावाकडलं डोस्कं दारात चपलांजवळच ऱ्हायचं.

बंद म्हणजे मला सुट्टी. मी सायकल काढून पोखर्णीला सासुरवाडीत हुरडा खायला गेलो. तिसऱ्या दिवशी आलो तर लॅबच्या खिडकीतून सगळं आभाळ दिसायलतं. लाकूडतोड्यांचा म्होरक्या, गफूरमामा म्हणायचे त्याला, बैलगाडीला दोर बांधायलता. म्हणला, "लय चिवट निघालं रे तुमचं ते मधलं. दोन कुऱ्हाडी गेल्या. पण पट्टा कुणी मारला? जिंदगीत असा सुरेख पट्टा बघितला न्हाई. त्याच्या वरूनच तोडलं बघ, मोजणीला पट्टा दाखवावा लागतोय."

मी म्हणलं, "मीच मारला." आणखी काय म्हणू.

सर सोमवारी आले. चपला काढायच्या आधीच त्यांना खिडकीतलं ऊन दिसलं. मागं गेले. छातीएवढं खोड उभं, वर ताजा कापलेला लालकाळा गाभा, अन् त्याच्याखाली माझा पट्टा.

"हा कुणी मारला?"

"मी."

"लाल का?"

"लाल म्हणजे हात लावायचा न्हाई," मी म्हणलं. "तुमीच सांगितलं व्हतं."

सर बाभळीच्या एका ओंडक्यावर बसले. मी वाट बघत ऱ्हायलो. मला वाटलं, आता शिवी देतील. दिली असती तर बरं झालं असतं, मी ती घेऊन घरी गेलो असतो. सर म्हणले, "बरोबर हाय. मीच सांगितलं व्हतं." उठले, हातपाय धुतले अन् तासाला गेले. महिनाभर माझ्याशी एक शब्द न्हाई. किसनराव बी न्हाई. चहा नेला की घ्यायचे, माशी पडली तर काढून प्यायचे. कोणती माशी, हे इचारायचे न्हाईत. त्या एका महिन्यात मला जेवढा तरास झाला तेवढा चौदा वर्षांत झाला नव्हता.

मी काय करावं? रोज दोन बादल्या हिरीचं पाणी त्या खोडाला घालायलो. एक दिवस मागून आवाज आला.

"किसनराव, मुशीला बी पाणीच घातलं व्हतं तुमी."

मी बादली खाली ठेवली. मला एवढा आनंद झाला की रडू यायला लागलं.

"माळावरलं झाड हाय ते. कोरडंच ऱ्हाऊ द्या," सर म्हणले. "वरून छाटलं तर फुटतंय म्हणत्यात. बुडातून गेलं असतं तर सांगता आलं नसतं. तुमी पट्टा छातीएवढ्या उंचीवर मारला तेवढं एक बरं केलं."

चैतात एक दिवस झाडायला गेलो अन् पट्ट्याच्या वर, सालीच्या फटीतून, तांबूस काहीतरी दिसलं. दोन फाकांचं. मी तसाच पळत वर्गात शिरलो, चपलांसकट. सर खडू हातात घेऊनच आले. वाकले, हात न लावता बघितलं.

"सांग," म्हणले.

"काय सांगू?"

"पत्ता."

मी खोडापुढं हात बांधून उभा ऱ्हायलो. "वनस्पती. फुलाची. दोन दलाची..." मधली एक पायरी गाळली, सरांनी बोटानं खूण केली, ती बी सांगितली. "चिंच-आपट्याची भावकी. घर हार्डविकिया. नाव बायनाटा. घरात एकटंच." दुसरीत न जमलेला माझा पयला धडा. सरांनी हातातला खडू माझ्या खिशात टाकला.

मी म्हणलं, "सर, आता खूण कोणत्या रंगाची करू?"

"खूण नको. लालचा अर्थ तुझा येगळा, गफूरचा येगळा. पांढऱ्याचा आणखी कुणाचा निघंल." मंग म्हणले, "खुर्ची आण. मी बसतो."

अन् बसायला लागले. मधल्या सुट्टीत, रिकाम्या तासाला, खोडाशेजारी खुर्ची. गवंडी वाळू टाकायला आले की उठायचे न्हाईत. शेळ्यांना हाकलायचे, पण आधी त्यांचा पत्ता सांगून. त्याच उन्हाळ्यात रिटायर झाले, सत्कार झाला, नारळ झाला, पालमला गेले. मला वाटलं, सुटलो. पुढल्या बेस्तरवारी एसटीनं हजर. म्हणले, "भिंत पूर्ण व्हस्तोवर येतो." दर बेस्तरवारी मी खुर्ची काढायची, चहा आणायचा, सावली सरकली की खुर्ची सरकवायची. बायको म्हणायची, रिटायर ते झालेत का तुमी?

शेवटचं बघितलं ते असंच एका बेस्तरवारी, दुसऱ्या पावसाळ्यानंतर. फुटवे डोक्याच्या वर गेलते. सावली किती, तर सरांच्या गुडघ्यापर्यंत. सर खुर्चीत डोळे मिटून, मान मागं, डोस्क्यामागं माझा तो पट्टा, आता फिक्का. शर्टाची वरली गुंडी लावलेली. ऑफिसात नवा आलेला कारकून खिडकीतून बघून म्हणला, "ते कोण बसलंय रे तिथं?"

"प्राणी," मी म्हणलं. "पाठीला कणा असलेला. पोरांना दूध पाजणाऱ्यांतला. माकडाच्या रांगेतला. माणसाच्या भावकीतला. घरात एकटाच."

"अरे, मी नाव इचारलं."

"ते शेवटी असतंय," मी म्हणलं अन् मागं गेलो. ऊन सरांच्या मांडीवर आलतं. दोन्ही हातांनी खुर्ची धरली अन् सरांसकट सावलीत सरकवली.

डोळे न उघडता सर म्हणले, "हळू, किसन. पाय मुळावर येऊ देऊ नको."